पोचवायचं राहिलेलं

"ऐकलंस म्हणजे उचललंस. उचललंस म्हणजे पोचवायचं. मधे कुठं टेकवायचं नाही. फारच झालं तर खांदा बदलायचा, पण टेकवायचं नाही."

हे सांगताना आई नेहमी पुढं चालत असायची. त्यामुळे तिचे शब्द आधी वाऱ्यावर पुढं जायचे आणि मग झाडांना वळसा घालून मागून येणाऱ्या लेकीच्या कानावर पडायचे. लेक लहान होती, चालीला मंद. आई तिला गोगलगाय म्हणायची.

"आई, कुठं चाललो आपण?"

"पोचवायला."

"काय पोचवायला?"

"ओझं."

गोगलगाय धावत पुढं जायची आणि आईचे हात बघायची. हात रिकामे. पाठ रिकामी. डोक्यावर काही नाही. पण आईचा उजवा खांदा मात्र खाली झुकलेला असायचा, काठोकाठ भरलेली घागर धरावी तसा. थोडं चाललं की आई थांबायची, दम घ्यायची आणि मग डावा खांदा झुकायचा.

नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या त्यांच्या लोकांत दुःख असं कुणालाही सांगत नसत. आधी नातं लावायचं. समोरचं माणूस रक्ताचं असो नसो, त्याला मावशी म्हणायचं, काका म्हणायचं, आत्या म्हणायचं. मग विचारायचं, "येणार का?" समोरचं माणूस "येईन" म्हणालं, की मगच तोंड उघडायचं. ऐकणारं माणूस हातातलं काम सोडत नसे. शेंगा सोलायच्या असतील तर सोलायच्या, जाळं सांधायचं असेल तर सांधायचं, आणि कान तिकडं द्यायचा. पुढं सवड होईल तेव्हा ऐकणाऱ्यानं पायी सांगणाऱ्याच्या घरी जायचं. दारात बसायचं, पाणी प्यायचं, तळहात जमिनीला टेकवायचा आणि म्हणायचं, "ठेवलं हो." घरातलं जे मोठं माणूस असेल, त्यानं म्हणायचं, "पाहिलं."

बस, एवढंच. काय होतं, किती होतं, कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. पण त्या घराला कळायचं, की आपल्यातलं कुणीतरी एकटं काहीतरी उचलत होतं, आता सगळ्यांनी एकेक कोपरा धरायचा आहे.

आणि परतीच्या वाटेवरची आई म्हणजे निराळीच बाई. "धर गं मला," म्हणायची, "एवढी हलकी झालेय, वाऱ्यानं उडून जाईन आणि तुझ्या बापाला वाटेल पळून गेली!" गोगलगाय खरंच घाबरायची आणि आईचं बोट घट्ट धरून ठेवायची.

आता आई नव्हती. गोगलगाय शिकली होती, मोठ्या शहरातल्या विद्यापीठात समुपदेशक झाली होती आणि सगळे तिला नुसतं बाई म्हणत होते.

बाईंचा रोजचा एक नेम होता. समुपदेशन केंद्राच्या इमारतीबाहेर एक जुनं झाड होतं. सकाळी आल्या की कुणाशीही बोलण्याआधी त्या झाडाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी घालायच्या आणि मनात म्हणायच्या, 'आज जे येईल, त्याला माझ्याकडून दुखू नये.' पहारेकऱ्याला हे ठाऊक होतं. बाईंचं पाणी घालून होईपर्यंत तो नमस्कारसुद्धा करत नसे. एकदा घाईत पाणी घालायचं राहिलं, तर तो दिवसभर त्यांच्याशी बोललाच नाही. विचारलं तर म्हणाला, "तुमचा नेम झालाच नव्हता बाई, मी कसा बोलू?"

बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे एक बुटकं टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा आणि पाण्याचा पेला. घड्याळ विद्यार्थ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वेळ बाईंना दिसावी, त्याला दिसू नये. खिडकीला पातळ पडदा होता. दुपारी ऊन त्यातून गाळून यायचं आणि खोलीत पाण्याखाली असावा तसा उजेड पसरायचा. बाईंचं काम चोख होतं. शिकवलं होतं तसं त्या ऐकत. मान किती हलवायची, कधी गप्प राहायचं, कुठला प्रश्न उलटून विचारायचा, सगळं त्यांच्या अंगात मुरलं होतं. विद्यार्थ्याशी नातं लावायचं नाही. त्याच्या घरी जायचं नाही. तास संपला की दार ओढून घ्यायचं. हे नियमही त्यांनी मनापासून पाळले होते. नियम पाळणं त्यांच्या स्वभावातच होतं.

फक्त एक गोष्ट होती. नदीच्या वरच्या अंगाची, डोंगरापलीकडची, जंगलाकडची जी मुलं शिकायला येत, ती या खोलीत एकदा येत आणि पुन्हा म्हणून येत नसत.

"नवल आहे," केंद्राचे प्रमुख एकदा म्हणाले. त्यांना मोठे सर म्हणत. त्यांच्या टेबलावर कायम अर्धवट सोललेलं संत्रं असायचं; बोलता बोलता ते एकेक फोड तोंडात टाकत. "शहरातली पोरं तुमच्यासाठी रांग लावतात आणि तुमच्याच लोकांची पोरं पाठ फिरवतात. काय, भीती वाटते की काय त्यांना तुमची?"

"लाजतात, सर," बाई म्हणाल्या.

खरं काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

आणि त्यांचे खांदे दुखत. डॉक्टर म्हणाले, उशी बदला. बाईंनी उशी बदलली. मग मऊ घेतली, मग कडक घेतली, मग उशीशिवाय झोपून पाहिलं. खांदे आपले दुखतच राहिले.

*

त्या दुपारी वसतिगृहाच्या रेक्टरनं एका मुलीला पाठवलं. मुलगी दारातच उभी राहिली. वर्ण नदीकाठच्या ओल्या मातीसारखा, डोळ्यांखाली सावल्या. जेवणावरून तिचं मन उडालं होतं हे मनगटांवरूनच कळत होतं.

"ये, बस," बाई म्हणाल्या. "घरी काय म्हणतात तुला?"

"टिटवी."

"का गं?"

"लहानपणी फार ओरडायची मी. कुणी पाणवठ्याकडं आलं की आधी मी ओरडायची, मग कुत्री." तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं आणि तिथंच विरलं. "आता नाही ओरडत."

ती खुर्चीवर बसली, पण अगदी टोकावर. समोरासमोर बसायची सवय नव्हती तिला. तिची बोटं मांडीवर काहीतरी शोधत होती, सोलायला, विणायला, काहीही. बाईंना ती बोटं ओळखीची वाटली. बाईंनी नजर वर घेतली.

"रेक्टर सांगत होत्या, वर्गात जात नाहीस."

मुलीची बोटं खुर्चीच्या काठावरून फिरली.

"जेवत नाहीस."

पडद्यातून आलेला उजेड दोघींच्या मधे हलत होता. मग मुलीनं एकदम मान वर केली आणि हळूच म्हणाली, "मावशी."

किती वर्षांनी कुणी बाईंना असा आवाज लावला होता. शेवटचा स्वर किंचित लांबवलेला, पैलतीरावरून हाक मारावी तसा.

"इथं सगळे मला बाई म्हणतात," त्या म्हणाल्या. आवाज मऊच होता. त्यांचा आवाज नेहमी मऊच असे. "तूही बाई म्हण. ठीक आहे?"

मुलीनं मान हलवली. पण ती अजून आशेवर होती. तिला आवाजावरून, बसण्यावरून, कशावरून कोण जाणे, कळलं होतं, की हे माणूस आपल्यातलं आहे. तिनं धीर करून विचारलं, "येणार का?"

हा प्रश्न शहरातल्या कुणाला कळला नसता. बाईंना तो कळला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. तो त्यांच्या हाडांना कळला. एका शब्दाचं उत्तर होतं. आणि बाईंच्या तोंडून शिकवणीतलं वाक्य निघालं, तेही अगदी प्रेमानं.

"मी यावं असं तुला का वाटतं?"

मुलीनं त्यांच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. नावेसाठी धावत आलेल्या माणसानं सुटलेल्या नावेकडं बघावं, तसं तिनं बघितलं. टेबलावरचं पाणी तिनं प्यायलं नाही. उठली, "येते," म्हणाली, आणि दार इतकं हलकेच लावून गेली, की दार लागल्याचं घड्याळालाच कळलं असेल. ते त्यानंतर फार मोठ्यानं टिकटिकायला लागलं.

*

पहाटेच्या झोपेत बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. स्वयंपाकघर त्यांचंच होतं, पण ओट्यावर, फडताळात, खिडकीत, जिथं बघावं तिथं गाठोडी. लहान, मोठी, एकावर एक रचलेली. प्रत्येकाची गाठ निराळी. सगळी खालून ओली होती आणि त्यांच्यातून पाणी झिरपत होतं, फरशीवरून वाट काढत दाराकडं निघालं होतं. पाण्याच्या मधोमध आई बसली होती, पाय लांब करून शेंगा सोलत. ती ओली होत नव्हती.

"गोगलगायी," आई म्हणाली, "कुणाकुणाचं गं हे?"

"पोरांचं. माझ्याकडे आलेल्या."

"पोचवलं का नाहीस?"

"आमच्यात पोचवत नाहीत, आई. आमच्यात नुसतं ऐकतात."

आईनं एक शेंग फोडली. आतून दाणे निघाले नाहीत, एक बारीक घंटा निघाली आणि वाजायला लागली. "न पोचवलेलं ओझं," आई म्हणाली, "आपल्याच घरात अंडी घालतं. मला वाटलं होतं, एवढं तरी शिकवून गेले तुला." आणि मग तिच्या जुन्या खोडकर आवाजात, "गोगलगाय आणि पोटात पाय! पाय आहेत ना अजून? का तेही पोटातच राहिले?"

घंटा म्हणजे घड्याळाचा गजर होता. बाई जाग्या झाल्या. फरशी कोरडी होती. तरी त्यांनी पाय खाली टेकवताना आधी अंगठ्यानं चाचपून पाहिलं.

देवासमोर हात जोडून त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. मागितलं काही नाही. फक्त उभ्या राहिल्या. कधी कधी तेवढंच येतं माणसाला.

*

दुपारपर्यंत रेक्टर स्वतःच केंद्रात येऊन थडकल्या. जाडजूड, प्रेमळ, आणि आवाज असा की तीन मजले ऐकतील.

"अहो, ती तुमची मुलगी! नाव काढून घ्यायचा अर्ज लिहून बसलीय. आणि बसलीय कुठं, माहीत आहे? तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत. दिवसच्या दिवस तिथंच. मशीनसमोर. कपडे नसतात काही नाही, दुसऱ्यांचे कपडे फिरताना बघत बसते. मुली म्हणतात, तिला मशीन लागलंय. मी म्हटलं, भूत लागतं ऐकलं होतं, मशीन लागलेलं आजच ऐकते!"

"अर्ज दिला का तिनं?"

"माझ्याकडे ठेवलाय मी दाबून. उद्या परवा द्यावाच लागेल पुढं. हुशार आहे हो पोर. एकदा गेली की परत येत नाहीत ही पोरं, मी बघितलंय. तिकडेच कुठंतरी विझून जातात."

रेक्टर गेल्या. बाई उठल्या आणि सरळ मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. सर संत्रं सोलत होते.

"सर, मला एका विद्यार्थिनीच्या घरी जायचं आहे."

सरांचं संत्रं सोलणं थांबलं. "घरी? आपला नियम तुम्हीच नवीन लोकांना शिकवता."

"हो, मीच शिकवते."

"मग?"

बाईंनी सांगितलं. नातं, येणार का, येईन, पाणी, तळहात, पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या हे सगळं इथल्या भिंतींसमोर बोलत होत्या. बोलताना त्यांना वाटत होतं, की शब्द बाहेर पडताहेत तसतसे त्यांच्यावर हसताहेत. पण सर हसले नाहीत.

"म्हणजे एवढी वर्षं," ते सावकाश म्हणाले, "तुमच्याकडची पोरं येऊन गप्प बसत होती, ती लाजत नव्हती."

"नाही, सर. वाट बघत होती. मी 'येईन' कधी म्हणते त्याची."

"आणि तुम्ही मला सांगितलं, लाजतात."

"हो."

सरांनी संत्र्याची साल गोळा करून बाजूला सारली. मग म्हणाले, "नियम उगाच नसतो, बाई. माणूस घरापर्यंत गेलं की घरचं होतं, आणि घरच्यांचं कुणी ऐकत नाही. माझ्या बायकोला विचारा! शिवाय उद्या सगळेच म्हणाले, आमच्या घरी या, तर?"

"सगळ्यांना नाही लागत. ज्यांना लागतं, त्यांचंच दार बंद होतं आपल्याकडे."

"बरं. तिथं जाऊन तुम्ही बोलणार काय?"

"काही नाही. पाणी पिईन."

"एवढा लांबचा प्रवास करून पाणी पिणार?"

"हो, सर."

सरांनी एक फोड उचलली आणि परत ठेवली. "चोरून जायचं नाही," ते म्हणाले. "तिला माहीत हवं, तिच्या घरी निरोप गेलेला हवा, आणि मला माहीत हवं. ती काय सांगते ते मला नको. आणि ती जेवत नाहीये, तर आपल्या डॉक्टरांकडेही जायचं. नदीचं आणि डॉक्टरांचं काही भांडण नाही."

"नाही, सर. भांडण नाही."

"मग वरच्यांना मी बघतो. आणि नोंदीत काय लिहू? समुपदेशकानं काय केलं?"

"पाणी प्यायलं, असं लिहा."

"लिहितो," सर म्हणाले. मग बाई दारापर्यंत पोचल्यावर त्यांनी हाक मारली. "गढूळ असलं तर नका पिऊ हो. पोट बिघडलं तर तेही नोंदीत लिहावं लागेल मला."

*

तळघरातली खोली लांबट होती. भिंतीला ओळीनं मशीन लावलेली, प्रत्येकाला गोल काचेचं दार. छताशी एक आडवी खिडकी होती. तिथून बाहेरच्या गवताची पाती दिसत आणि ऊन आत उतरे. फेसाची, ओल्या सुताची, उबेची हवा. कपडे पाण्यात उचलले जात, पडत, पुन्हा उचलले जात. गोल काचांतून उजेड भिंतीवर हलत होता. क्षणभर बाईंना वाटलं आपण नदीच्या पोटात आलो आहोत आणि वरून कुणाची तरी नाव जाते आहे.

टिटवी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. बाईंना बघून ती उठायला लागली.

"बस गं," बाई म्हणाल्या. आणि तिच्यासमोर नाही, तिच्या शेजारी बसल्या, दोघींची तोंडं मशीनकडं करून. जवळच एका टोपलीत वसतिगृहाच्या सुकलेल्या चादरींचा ढीग होता. बाईंनी एक चादर ओढली आणि एक टोक टिटवीच्या हातात दिलं. दोघींनी ती ताणली, झटकली, दुमडली. मग दुसरी घेतली. मग तिसरी. टिटवीच्या बोटांना काम मिळालं तसा तिचा श्वास लांब झाला.

चादर दुमडता दुमडताच बाई म्हणाल्या, "येईन."

टिटवीचे हात थांबले.

"काल विचारलं होतंस ना? उत्तर द्यायला उशीर झाला. माझी आई मला गोगलगाय म्हणायची, ते उगाच नाही. येईन मी."

"खरंच?" टिटवीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. चादरीच्या काठाशीच ती बोलत होती. "तुम्हाला चालतं इथं? ओरडणार नाहीत कुणी?"

"सरांना सांगितलंय मी येणार आहे म्हणून. काय घेऊन येणार, ते नाही. ते तुझं माझं. पण एक आहे. ते म्हणालेत, डॉक्टरांकडेही जायचं."

"जाईन," टिटवी म्हणाली. "मावशी."

"हां, बोल."

मग ती बोलली. हात चादरींवर चालत होते आणि शब्द त्यांच्यामागून येत होते.

तिचा बाप नावाडी होता. परीक्षेला निघाली तेव्हा त्यानंच तिला नदीपार सोडलं होतं. "सगळे पेपर होईपर्यंत परत फिरायचं नाही," म्हणाला होता. "मधेच आलीस तर नावेत घेणार नाही, पोहून ये!" पेपर चालू असताना तो गेला. छातीत कळ आली आणि वल्ह्यावरच मान टाकली. घरच्यांनी तिला कळवलं नाही. आई म्हणाली, त्याचा शब्द आहे, पेपर होऊ देत. पेपर संपले, ती नाचत घरी निघाली, आणि घाटावर नाव घेऊन आई उभी होती.

"मी विचारलं, बाबा कुठंय, तर आई म्हणाली, बस नावेत. घरी नेऊन सांगितलं. मावशी, सगळं आवरलेलं होतं. घर झाडलेलं, अंथरूण उन्हात घालून परत ठेवलेलं. त्याचा सदरा धुऊन घडी करून ठेवलेला. मी नाकाशी धरला तर नुसता साबणाचा वास. सगळ्यांचं रडून झालं होतं. काका रडला होता, शेजारचे रडले होते, आईचे डोळे कोरडे झाले होते. मी पोचले तेव्हा रडणं संपलं होतं. सगळ्यांनी वाटून घेतलं आणि माझा वाटा ठेवलाच नाही."

मशीनमधले कपडे उचलले जात होते, पडत होते.

"मी रडले नाही तर आई म्हणाली, शहाणी झाली पोर. मग मी रडूच शकले नाही. इकडं आले. पुस्तक उघडलं की वाटतं, हेच वाचत होते मी, तो जात होता तेव्हा हेच पान. इथं बसलं की..." ती थांबली. "इथं पाण्याचा आवाज येतो. आणि कुणाकुणाचे सदरे. धुवायच्या आधीचे. वेडेपणा आहे, मला कळतं."

"वेडेपणा नाही," बाई म्हणाल्या.

समोरच्या मशीननं तेवढ्यात वेग घेतला. ते थरथरायला लागलं, गरगरायला लागलं, त्याचा आवाज चढत चढत सगळी खोली भरून गेली. आणि त्या आवाजाच्या आडोशानं टिटवीनं तोंड उघडलं. बाहेर आली ती हाक नव्हती, रडणंही नव्हतं. पाणवठ्यावर कुणी परकं आलं की आकाश फाडत जाते ना, तसली एक लांब चिरकी आरोळी. मग दुसरी. मशीन थांबलं तरी ती थांबली नाही. बाईंनी हात थांबवला नाही. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं टिटवीच्या मुठीत, आणि मधला कपडा शिडासारखा ताणला गेला होता.

जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. रेक्टर दारात. "काय झालं? कोण ओरडलं? काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नव्हते. "टिटवी बोलली."

रेक्टरनी दोघींकडं पाहिलं. मग त्या मोठ्या आवाजाच्या बाईनं, कधी नव्हे ते, आवाज न करता दार लावून घेतलं.

खूप वेळानं टिटवीनं चादरीलाच नाक पुसलं आणि म्हणाली, "ही परत धुवावी लागेल."

"मशीन लागलेलंच आहे तुला," बाई म्हणाल्या. "टाक."

आणि टिटवी हसली. फुटक्या आवाजात, पण हसली.

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं तेव्हा ती पुन्हा गंभीर झाली. "मावशी, आई 'पाहिलं' म्हणेल का? तिनं लपवलं. ती चुकली असं मी कधी म्हणाले नाही तिला. तुम्ही ठेवलंत तर तिला कळेल, की मला लागलं होतं."

"कळायलाच हवं ना?"

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर दारातच बसून राहीन. पुन्हा पाणी मागेन. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही."

टिटवीनं विचार केला. "पलीकडं जायला नाव लागेल. बाबांची नाव आता आईच चालवते. तुम्हाला तीच घेऊन जाईल." मग बाईंचा हात धरून म्हणाली, "पण नावेत तिला काही कळू देऊ नका हां. नावेत दोन्ही हात वल्ह्यावर असतात. डोळे पुसता येत नाहीत."

"नाही कळू देणार. दार येईपर्यंत धरून ठेवीन."

"जड आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

*

निरोप गेला, आणि उत्तर आलं. टिटवीच्या आईनं एवढंच कळवलं होतं, की घाटावर नाव असेल.

निघायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. झाडाचा शेंडा दिसत नव्हता. बुंधा तेवढा होता, बाकीचं झाड जणू अजून झोपेतून यायचं होतं. बाईंनी तांब्याभर पाणी घातलं. दर दिवशीचे शब्द आज मनात आले नाहीत. त्यांच्या जागी आईचा आवाज आला, आणि बाईंनी तो येऊ दिला.

पहारेकरी नेम संपेपर्यंत थांबला, मग पुढं आला. "नमस्कार, बाई. आज उलट्या दिशेला?"

"गावी चालले. वर, नदीकडं."

"सामान?"

"आहे की," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांच्या हातांकडं बघितलं, पाठीकडं बघितलं. काही विचारलं नाही. फाटक मात्र त्यानं पूर्ण उघडलं, दोन्ही दारं, मोठं काही न्यायचं असलं की उघडतो तसं.

वसतिगृहाच्या खालच्या मजल्यावर एक खिडकी उजळलेली होती. खिडकीत टिटवी उभी होती, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात खाण्याचं काहीतरी. तिनं हात हलवला नाही. दोन्ही हात अडकलेले होते. बाईंनीही हलवला नाही.

रस्ता धुक्यात शिरत होता. झाडणारी माणसं, दूध पोचवणारी गाडी, एका दुकानाचं अर्धं वर गेलेलं शटर, सगळं जवळ आलं की दिसायचं आणि मागं गेलं की विरघळायचं. बाई सावकाश चालल्या होत्या, त्यांच्या त्या जुन्या चालीनं. स्थानकाच्या अलीकडं चढ लागला. तिथं त्या थांबल्या, दम घेतला, खांदा बदलला आणि पुढं निघाल्या.